कुपवाडचा समुद्र

कुपवाड एमआयडीसीत, मिक्सिंग मिलच्या शेडमागे
दोनशे लिटरचा समुद्र आहे.
दर सोमवारी मी तो नव्याने कालवते:
लिटरमागे साडेचोवीस ग्रॅम मीठ,
पाच मॅग्नेशियम क्लोराइड, चार सोडियम सल्फेट,
बाकीचं चिमूटचिमूट,
पण चिमटीलाही इथे तीन दशांश आणि सही लागते.
लाटा नाहीत. तळाशी एक पंखा फिरतो,
वीज गेली की भरती थांबते.

तारेवर रिंगा टांगलेल्या.
नायट्रिल, निओप्रीन, ईपीडीएम,
जहाजांच्या, पाणबुड्या पंपांच्या, कुठल्याशा बंदराच्या.
सत्तर अंशांवर सहा आठवडे शिजवल्या
की कागदावर दोन वर्षं भरतात.
दर दहा अंशांना वय दुप्पट पळतं, असं सूत्र आहे.
एप्रिलात पत्र्याखाली पारा पंचेचाळीस दाखवतो;
माझी नऊ वर्षं अजून कुणी त्या सूत्रात घातलेली नाहीत.

मग बाहेर काढायच्या, टिपायच्या, तोलायच्या,
सुई टेकवून विचारायचं, किती कडक आहेस?
कुणी पाणी पिऊन मऊ पडलेली,
कुणी आतलं तेल सोडून ताठरलेली.
तेल गेलं की रबरात काय उरतं,
चौगुले म्हणायचे, नुसता हेका.

बाबगोंडा चौगुले, माझ्या आधीचे.
त्यांनीच दाखवलं, एकाच शीटचे दोन तुकडे
दोन ग्लासांत टाकून:
एकात आपला समुद्र, एकात नळाला आलेली कृष्णा.
महिन्याने बघितलं तर
गोड्या पाण्यातला जास्त फुगलेला.
"खारं पानी निदान दारात थांबतंय," ते म्हणाले.
"गोडं इचारत न्हाई."

त्यांनी स्वतः समुद्र पाहिला नव्हता.
निरोपाच्या चहाला मी विचारलं, तर
"खारट असतोय म्हणं. पंचवीस वर्सं चाखलाय की."

मार्चमध्ये कोकणातल्या एका जेट्टीवरून
आमचाच फेंडर परत आला, अकरा वर्षांचा, गोणपाटात.
कायम पाण्याखाली राहिलेला भाग
काळाभोर, कालच साच्यातून निघाल्यासारखा.
वरचा, ओहोटीला उघडा पडणारा हातभर पट्टा मात्र
भेगाळलेला, जिथे ताण होता तिथे, ताणाला आडवा.
बुडून राहिलेलं टिकतं.
ये-जा करणारं फाटतं.
आणि त्या भेगांच्या कडेने शिंपले बसलेले,
पांढरे, धारदार, चिकटून मेलेले,
वासासकट.
माझ्या टाकीत कधी काही जगलं नाही.
रिपोर्टात त्यांच्यासाठी रकाना नव्हता,
'इतर' मध्ये लिहिलं: सजीव.

एकोणीसच्या महापुरात
हरिपूरला माझी निळी चप्पल गेली, डाव्या पायाची.
समुद्र इथून पश्चिमेला, घाट उतरला की आलाच,
पण कृष्णा त्याच्याकडे पाठ करून
अख्खा मुलूख ओलांडून पूर्वेच्या समुद्राला मिळते.
चप्पल पोचली असेल का, कुठल्या बंधाऱ्याला अडली असेल.
पोचली असेल तर विरघळणार नाही, हे मला पगारी माहीत आहे.
उन्हात पिठूळ होईल, मग तुकडे, मग तुकड्यांचे,
शेवटी माशाला दाणा वाटेल एवढी,
पण असेल.

टाकीच्या बाजूला, हीटरविना, एका बरणीत
चौगुल्यांनी सहा साली एक रिंग बुडवून ठेवलीय.
कुणी सांगितलं नव्हतं.
रजिस्टरच्या मागच्या पानावर, हिरव्या शाईत,
"खरंच किती लागतात, बघू."
आज ती काढली. समडोळीला फोन लावला.
वजन?
तेवढंच.
कडकपणा?
सहासष्टचा अडुसष्ट.
पलीकडे म्हैस हंबरली, कुणीतरी बादली ठेवली.
मग म्हणाले,
"ठेव परत."